सप्तपदी, सही आणि मुठीतल्या अक्षता

मोगरी:

माझ्या मुलीचे लग्न येत्या हिवाळ्यात ठरले आहे. ती आणि तिचा जोडीदार विशेष विवाह कायद्याखाली, कोणत्याही धार्मिक विधीशिवाय लग्न करणार आहेत आणि दोन्ही घरांत त्याला कोणाचा विरोध नाही. माझी अडचण वेगळी आहे. ती सांगण्यासाठी गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगावा लागेल.

माझ्या नणंदेच्या मुलाचे लग्न अशाच पद्धतीने नोंदणी कार्यालयात झाले. साडेअकराची वेळ दिलेली होती, आत बोलावले दीड वाजता. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तो निघेपर्यंत नवरानवरी हातात हार धरून बाकावर बसून राहिली. मग टेबलापाशी साक्षीदारांनी सह्या केल्या, कॅमेऱ्याकडे पाहायला सांगितले गेले, शिक्का उमटला आणि ‘झाले, पुढचे या’ असा आवाज आला. माझे थोरले दीर, म्हणजे नवऱ्या मुलाचे मामा, घरून अक्षतांची पुडी घेऊन आले होते. ते सगळा वेळ मूठ भरून उभे होते, पण अक्षता टाकायच्या केव्हा हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. सहीच्या वेळी टाकाव्यात की शिक्क्याच्या, या विचारात सगळे संपले आणि त्यांनी मूठ सदऱ्याच्या खिशात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला टाकताना माझ्या जावेला त्या सापडल्या.

लग्न कायद्याने पक्के झाले, संसारही उत्तम चालला आहे. तरीही ते ‘लागले’ केव्हा, हे तिथे हजर असलेल्या आम्हा बारा जणांपैकी कोणालाही सांगता येत नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारते. पारंपरिक विवाहविधीत कणा कोणता आणि रूढीने भोवती जमलेले काय काय? त्या कण्याला देवाधर्माची गरज असतेच का, की श्रद्धा बाजूला ठेवूनही विधी उभा राहू शकतो? आणि कायदा आम्हाला यात कितपत मोकळीक देतो? जुन्या विधीची नक्कल मुलीला नको आहे आणि टेबलावरचा कागद मला पुरत नाही.

घटिकापात्र:

ताई, मी वडिलांच्या हाताखाली पौरोहित्य शिकलो आणि गेली अनेक वर्षे पश्चिम महाराष्ट्रात लग्ने लावतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच यजमानांना अनेकदा धक्का देते, तेव्हा ते आधी सांगतो. ज्या क्षणाला मांडवातले सगळे ‘लग्न लागले’ म्हणतात, तो अंतरपाट दूर होण्याचा क्षण आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, नाही. त्या सूत्रात अंतरपाट नाही, मंगलाष्टके नाहीत आणि मंगळसूत्रही नाही. तिथे आहे पाणिग्रहण, लाह्यांचा होम, अग्नीला प्रदक्षिणा, ‘अश्मेव त्वं स्थिरा भव’ असे म्हणत वधूला दगडावर पाय ठेवायला लावणे आणि त्यानंतर सात पावले. विवाहाच्या मंत्रांची परिपूर्ती सातव्या पावलावर होते हे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही स्पष्ट म्हटलेले आहे.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. मंगलाष्टके चालू असताना सभागृहात उभे राहायला जागा नसते. शेवटचे ‘सावधान’ झाले, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, की निम्मे लोक पंगतीकडे वळतात आणि उरलेले फोटोसाठी रांग लावतात. लाजाहोमाच्या वेळी समोर घरची पंधरा माणसे असतात. सप्तपदीला तर मी अनेकदा छायाचित्रकार, नवरीची मावशी आणि नवऱ्याचा कान पिळून आपल्या मानाची वाट पाहणारा नवरीचा भाऊ एवढ्याच साक्षीदारांसमोर मंत्र म्हटलेले आहेत. शास्त्राने ज्याला बंधनकारक मानले ते कोणी पाहत नाही, आणि जे सगळे पाहतात ते सूत्रात नाही.

यावरून रूढी म्हणजे भेसळ, असा निष्कर्ष मात्र काढू नये. त्याच आश्वलायनाने विवाहप्रकरण सुरू करतानाच म्हटले आहे की देशोदेशीचे आणि गावोगावचे आचार नाना प्रकारचे असतात, ते विवाहात पाळावेत. आपस्तंब हा दुसरा सूत्रकार त्याही पुढे जाऊन सांगतो की विवाहातले आचार स्त्रियांकडून समजून घ्यावेत. सूत्रकारांना ठाऊक होते की नुसत्या कण्याला शरीर म्हणत नाहीत.

अंतरपाटाचेच पाहा. दोन माणसे एक पांढरे कापड धरून उभी राहतात, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक असते, अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोघे हारासह थांबतात. पूर्वी मांडवात पाण्याच्या भांड्यात घटिकापात्र सोडलेले असे. तळाला बारीक छिद्र असलेली ती वाटी चोवीस मिनिटांत भरून बुडते. मुहूर्ताची घटका अशा वाट्यांनी मोजत आणि वेळ भरत आली की सर्वांना सावध करत. ‘लग्न’ हा शब्दच मुळात वेळेचा आहे, पूर्वक्षितिजावर उगवत असलेल्या राशीला ज्योतिषात लग्न म्हणतात. म्हणजे अंतरपाट ही वाट पाहण्याची रचना आहे. जमलेल्या दोनशे माणसांचे लक्ष एका बिंदूवर आणून ठेवायचे आणि मग कापड बाजूला करायचे. आपल्या दिरांना त्या कार्यालयात जे मिळाले नाही ते हेच.

सप्तपदीच्या मंत्रांविषयी थोडे लिहितो, कारण कन्येला त्यात रस वाटेल. तांदळाच्या सात राशींवरून चालताना पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या वाढीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी आणि सहावे ऋतूंसाठी म्हटले जाते. सातव्या पावलाला काहीही मागितलेले नाही. तिथे फक्त ‘सखा सप्तपदी भव’ एवढेच आहे. ज्या पावलाने विवाह पुरा होतो त्या पावलाला पती हा शब्द नाही आणि पत्नी हाही नाही, मित्र हा शब्द आहे. सात पावले बरोबर चालल्याने मैत्री होते ही कल्पना इतकी रुळलेली होती की पाणिनीने ‘साप्तपदीनं सख्यम्’ असे सूत्रच देऊन ठेवले आहे.

कलम_सात:

मी दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणे चालवतो, त्यामुळे फक्त तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

गुरुजींनी सांगितलेली गोष्ट हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ मध्ये जशीच्या तशी आलेली आहे. दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी करून विवाह लावता येतो आणि त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल टाकले की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. हे कलम केवळ शोभेचे नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलेच एक द्विभार्या प्रकरण आले होते. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने लागले होते. न्यायालयाने म्हटले की अग्नीसमोरचे आवाहन आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचे दिसत नाही, आणि त्यांच्याऐवजी दुसरी रूढी प्रस्थापित असल्याचेही सिद्ध झालेले नाही. सबब दुसरे लग्न कायद्याच्या दृष्टीने लागलेच नाही आणि आरोपी सुटला. पहिल्या बायकोच्या वाट्याला काय आले याचा विचार केला की हा निकाल वाचून आजही अस्वस्थ व्हायला होते, परंतु विधीच्या रचनेला न्यायालय किती वजन देते हे त्यातून दिसते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचीच दुसरी बाजू सांगितली. एका जोडप्याने कोणताही विधी न करता प्रमाणपत्र मिळवून हिंदू विवाह म्हणून नोंदणी करून घेतली होती. नोंदणी हा विवाहाचा पुरावा असतो, नोंदणीने विवाह घडत नाही, असे सांगून न्यायालयाने तो विवाह झालाच नव्हता असे जाहीर केले.

आता ताईंच्या मुलीचा मार्ग, विशेष विवाह कायदा, १९५४. पुष्कळांना वाटते की या कायद्यात सही म्हणजेच लग्न. तसे नाही. कलम १२ सांगते की पक्षकार निवडतील त्या कोणत्याही पद्धतीने विवाह लावता येईल, मात्र विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समक्ष दोघांनी एकमेकांना उद्देशून, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, ‘मी अमुक, तुला तमुक हिला, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’ आणि तसेच उलट बाजूने म्हटल्याखेरीज तो पूर्ण आणि बंधनकारक होत नाही. म्हणजे धर्म नसलेल्या या कायद्यानेही सातव्या पावलाच्या जागी एक उच्चारलेले वाक्य ठेवले आहे. प्रमाणपत्र आणि त्यावरच्या सह्या नंतर येतात. गर्दीच्या दिवशी कार्यालयात हे वाक्य पुटपुटून किंवा नुसते वाचून उरकले जाते आणि म्हणूनच बाकावर बसलेल्या नातेवाइकांना ते ऐकूही जात नाही. ताईंच्या दिरांनी अक्षता टाकायला हव्या होत्या त्या तिथे.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे दोघांपैकी एकाने ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य केले आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवस थांबावे लागते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती बाद होते. त्यामुळे सभागृह आधी आणि नोटीस मागाहून, असे करू नये. दुसरी म्हणजे विवाह कार्यालयातच झाला पाहिजे असे बंधन नाही. वाजवी अंतरावरील अन्य ठिकाणी, जादा शुल्क भरून, अधिकाऱ्यांना बोलावता येते. आणि तिसरी म्हणजे आधी घरी धार्मिक विधीने लग्न लावून मग या कायद्याखाली गेलात, तर ते कलम १५ खालचे, आधीच झालेल्या विवाहाचे नोंदणीकरण ठरते. त्यामुळे क्रम काळजीपूर्वक ठरवावा.

शिवनेरीची_सून:

आमच्या घरात तीन पिढ्या सत्यशोधक पद्धतीने लग्ने होतात, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजते.

पुरोहितावाचून लग्न हा काही आजचा प्रयोग नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचे पहिले सत्यशोधक लग्न लागले. पण मला ज्या गोष्टीचे नेहमी नवल वाटते ती अशी की पुरोहित नाकारताना जोतीरावांनी विधी नाकारला नाही. त्यांनी नवीन मंगलाष्टके रचली आणि चाल तीच ठेवली, ज्या चालीवर आईआजीची मान आपोआप डोलते. बदलले ते बोलणारे. जुन्या मंगलाष्टकांत नवरानवरी मुकी असतात, बाकीचे त्यांना आशीर्वाद देतात. या मंगलाष्टकांत नवरी आणि नवरा एकमेकांशी बोलतात. ती म्हणते की आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याची ओळखच झालेली नाही, तेव्हा स्त्रीला तिचा हक्क देईन अशी शपथ घे, आणि तो ती सर्वांसमोर घेतो.

माझ्या लग्नात मी ते कडवे म्हटले तेव्हा माझा आवाज दुसऱ्या ओळीला फाटला. पाठांतर चोख होते, घसा कोरडा पडला होता. समोर बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी, जे एरवी फारसे बोलत नाहीत, तांब्या पुढे केला. मी दोन घोट पाणी प्यायले आणि कडवे पुन्हा पहिल्यापासून म्हटले, कारण अर्ध्यावरून सुरू केले तर ते धरले जाणार नाही असे मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटले. असे मानणारी मी घरातली सर्वांत नास्तिक बाई आहे! तेव्हा ताई, श्रद्धा बाजूला ठेवली तरी विधी उभा राहतो का, याचे माझे उत्तर हो असे आहे, परंतु तो उरकता येत नाही. देवासमोर चूक झाली तर प्रायश्चित्त तरी असते, माणसांसमोर दिलेला शब्द मात्र नीट ऐकू गेलाच पाहिजे.

एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ ‘पुरोगामी’ लग्नांत हल्ली विधीऐवजी भाषणे असतात. तीन पाहुणे प्रत्येकी वीस मिनिटे सहजीवनावर बोलतात आणि नवरानवरी खुर्चीत बसून ऐकतात. तो विधी नव्हे, तो सत्काराचा कार्यक्रम आहे.

उंबरठा:

मी मानववंशशास्त्राचा विद्यार्थी आहे. वरच्या तिन्ही प्रतिसादांत जे आले त्याला आमच्या विषयात एक जुना सांगाडा आहे. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये असे मांडले की जन्म, लग्न, मृत्यू अशा स्थित्यंतरांचे विधी बहुतेक समाजांत तीन टप्प्यांत चालतात. आधी माणसाला जुन्या स्थानावरून सोडवायचे, मग काही काळ ना इकडे ना तिकडे असे ठेवायचे आणि शेवटी नव्या स्थानी वसवायचे. आपल्या लग्नात हे लख्ख दिसते. हळद लागली की मुलीला घराबाहेर एकटी जाऊ देत नाहीत. गौरीहरापाशी ती एकटी तांदूळ वाहत बसते तेव्हा ती माहेरची उरलेली नसते आणि सासरची झालेली नसते. उंबरठ्यावरचे माप ओलांडले की ती आत येते. मापातले धान्य सांडते आणि ते कोणी लगेच झाडून काढत नाही, हेही पाहण्यासारखे आहे.

नोंदणी कार्यालयात मधला टप्पाच गळालेला असतो. तिथे वाट पाहणे असते, पण ते प्रिंटरसाठी. अंतरपाटामागची पाच मिनिटे आणि बाकावरचे दोन तास यांतला फरक असा की पहिल्या ठिकाणी सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत असतात.

आता गुरुजींशी थोडा मतभेद नोंदवतो. त्यांनी सप्तपदीचा अर्थ फार सुंदर सांगितला, परंतु अर्थ कळला म्हणजे विधी कळला असे मला वाटत नाही. एप्रिल १९७५ मध्ये केरळातल्या पांजाळ गावी नंबूदिरी वैदिकांनी बारा दिवसांचे अग्निचयन केले. पक्ष्याच्या आकाराची विटांची वेदी रचलेल्या त्या यज्ञाचे फ्रिट्स स्टाल या डच अभ्यासकाने बारकाईने चित्रीकरण आणि लेखन केले. त्यातून तो अशा निष्कर्षाला आला की विधीला अर्थच नसतो. नियम असतात, ते काटेकोर पाळणे हेच त्याचे सर्वस्व, आणि मंत्रांचे नाते भाषेपेक्षा पक्ष्यांच्या गाण्याशी जवळचे. मला हे टोकाचे वाटते. तरी आपल्या मांडवातल्या किती जणांना तिसऱ्या पावलाच्या मंत्रातले ‘रायस्पोषाय’ कळते? न कळताही ते डोळे पुसतात.

धर्माबाहेरच्या विधींतही हाच काटेकोरपणा असतो. २० जानेवारी २००९ ला अमेरिकेच्या सरन्यायाधीशांकडून बराक ओबामांना शपथ देताना एक शब्द मागेपुढे झाला, तर दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून संपूर्ण शपथ पुन्हा घेतली गेली. वरच्या ताईंनी कडवे पहिल्यापासून म्हटले त्याच कारणासाठी. आपल्याकडे मंत्री ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणोत किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणोत, दोन्हींचे वजन सारखे आहे. देवाची जागा एका क्रियाविशेषणाने भरून निघाली, बाकीची चौकट तीच राहिली.

घटिकापात्र:

उंबरठा यांच्या आक्षेपाचा मान राखूनही एक सांगावेसे वाटते. अर्थ न कळता डोळे पुसणारे मी रोज पाहतो, हे खरे. पण पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने, प्रत्येक मंत्राचा मराठी अर्थ सांगत लागलेल्या एका लग्नाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो आणि पौरोहित्य एक बाई करत होत्या. सातव्या पावलाचा अर्थ त्यांनी सांगितला तेव्हा माझ्या शेजारी बसलेले सत्तरीचे गृहस्थ आपल्या पत्नीकडे वळून म्हणाले, ‘आपल्या वेळी हे सांगितले नव्हते.’ तिने उत्तर दिले, ‘सांगितले असेल, तुमचे लक्ष नव्हते.’ पक्ष्यांच्या गाण्यावर असा संवाद होत नाही.

मोगरी:

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही घरची माणसे एकत्र बसली आणि मी हे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

विवाह अधिकाऱ्यांना सभागृहात बोलावण्यासाठी अर्ज करायचा आणि नोटिशीची तारीख त्याप्रमाणे धरायची, हे पक्के झाले. कायद्याने मागितलेले वाक्य दोघे मराठीत, उभे राहून, मोठ्याने म्हणतील आणि त्याआधी सर्वांनी दोन मिनिटे शांत उभे राहायचे, ही कल्पना मुलीची. सात पावलांचा अर्थ तिला आवडला, पण ती चालणार नाही, कारण नक्कल नको हा तिचा हट्ट कायम आहे. अंतरपाट असावा की नसावा यावर माझी बहीण आणि होणारे व्याही यांच्यात अजून एकमत झालेले नाही. व्याह्यांचे म्हणणे, आठ वर्षे एकमेकांना ओळखणाऱ्यांमध्ये पडदा धरणे हा विनोद होईल. बहिणीचे म्हणणे, पडदा त्या दोघांसाठी नसतोच, तो आपल्यासाठी असतो.

नवऱ्या मुलाच्या आजी, वय वर्षे ८६, सगळे ऐकून घेऊन शेवटी एवढेच म्हणाल्या, ‘तुमचे काय ते ठरवा, फक्त अक्षता नेमक्या कधी टाकायच्या ते आधी सांगा.’ वकीलसाहेब, हे आपणच सांगावे.

कलम_सात:

दुसऱ्याचे वाक्य पुरे झाल्यावर. पहिल्याच्या वाक्यानंतर टाकल्या तर अर्धेच लग्न लागलेले असेल.